चौथ्या रकान्यातली आडवी रेघ

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार साहेब,

दुकानांच्या पाट्या आणि शटरं रंगवण्यात माझी वीस वर्षं गेली. फ्लेक्स आला, धंदा बसला, तेव्हा रिकाम्या वेळात स्वतःची चित्रं काढू लागलो. ती मांडावीत म्हणून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका कलादालनाचा अर्ज आणला. चौथा रकाना : कलाशिक्षणाची पदविका किंवा पदवी, साक्षांकित प्रत जोडावी. मी आडवी रेघ मारली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज तसाच परत सरकवला. चित्रांचे फोटो पाकिटातच राहिले.

एस.टी.त बसल्यावर चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा आठवले. जन्म १९१४, सिकंदराबादजवळचं बोलारम. पोरवयात पळून मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. चित्रकलेची शाळा नाहीच. तरी १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट उभा करणाऱ्या सहा जणांत ते होते, सूझा, रझा, हुसेन यांच्या बरोबरीनं. (सूझांना तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलं होतं. रेघ त्यांनीही मारली असती.)

आरांची फुलदाणी कधी जवळून बघा. जलरंग, पण थर इतका जाड की तैलरंग वाटावा. वर्गात असते तर मास्तरांनी हात धरला असता : रंग पातळ कर, कागद दिसू दे. हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणूनच ती फुलं अशी भरघोस उतरली, असं मला वाटतं. मी शटरचा उरलेला इनॅमल वापरतो. तो ओघळतो, मी ओघळ पुसत नाही. चुकत असेन.

शिकलेल्यांवर राग नाही. शाळेत हात बसतो. मला माणसाची बोटं अजून धड जमत नाहीत. पण गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती तांदळाच्या पिठानं काढलेल्या वारली चित्रांसाठी. प्रमाणपत्र कुणी मागितलं नव्हतं.

एवढंच करा, साहेब : तो रकाना ऐच्छिक करा आणि निवड समितीला नावं झाकून चित्रं बघायला लावा. पसंत पडली नाहीत तर खुशाल नाही म्हणा, मी गुमान घरी जाईन. अर्ज अजून जपून ठेवलाय. चौथा रकाना सोडून बाकी सगळा भरलेला आहे.

आपला,
एक पेंटर