आई-बाबा, फेलोशिपबद्दल नीट सांगायचं राहिलं होतं

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, फेलोशिप म्हणजे नोकरी की शिष्यवृत्ती, आणि मी सांगायला लागले तोवर रेंज गेली. म्हटलं निवांत लिहूनच काढावं, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं मावत नाही.

तर ही दोन्हीच्या मधली गोष्ट आहे. मानधन थोडं मिळतं, पण मुख्य म्हणजे काम आहे, आणि ते एक शैक्षणिक वर्ष करायचं. आमच्या युनिव्हर्सिटीत फौजेशी नातं असलेले विद्यार्थी खूप आहेत, कारण टेक्सासमधलं हे सॅन अँटोनिओ शहरच छावण्यांचं आहे, तुमच्या जावयाची, अमेयची, छावणी फोर्ट सॅम ह्यूस्टन इथलीच, तिथं आर्मीचे सगळे मेडिक तयार होतात. फौज सोडून शिकायला आलेले, अजून नोकरीत असलेले, नॅशनल गार्डवाले म्हणजे महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे वर्दी घालणारे, आणि मग आमच्यासारख्या बायका, नवरे, मुलं. या सगळ्यांसाठी कॅम्पसवर काय हवंय ते आम्ही फेलो विद्यार्थ्यांनीच बघायचं, अडलेल्याला हात द्यायचा, प्राध्यापकांशी बोलायचं, नव्या प्राध्यापकांना ट्रेनिंग द्यायचं.

आई, यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे यात बायका-मुलांना धरलंय. अर्जात एक प्रश्न होता की तुम्ही फौजेच्या आयुष्याशी कशा जोडलेल्या आहात, आणि मी अमेयबद्दल दोनच ओळी लिहिल्या, बाकी सगळं तुझ्याबद्दल लिहिलं. बाबांची फील्ड पोस्टिंग लागली की तू बेळगावच्या क्वार्टरमधलं सामान काळ्या ट्रंकांत भरायचीस, ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं बाबांचा नंबर आणि नाव, केंद्रीय विद्यालयातला आमचा दाखला तूच काढायचीस, गॅसचं ट्रान्स्फर तूच, आणि शेजारच्या त्या नवीन लग्न होऊन आलेल्या नाईकच्या बायकोला हिंदी येत नव्हतं तर तिला दवाखान्यात एमआय रूमला तूच घेऊन जायचीस. ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर तिची पत्रंसुद्धा तू लिहून द्यायचीस. याला कुणी काम म्हटलं नाही. इथं मला त्याच कामासाठी निवडलंय, ट्रेनिंग दिलंय, वर पैसेही देतायत, आणि हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

अमेय कोरियाला गेला तेव्हा तू म्हणालीस की एक वर्ष बघताबघता जातं. फॅमिली न्यायची परवानगी नसलेली पोस्टिंग आहे ती, कॅम्प हंफ्रीज या अमेरिकन तळावर. जातं खरं वर्ष, पण इथं बघते की ज्या मुलींचे नवरे असे बाहेर आहेत त्या लेक्चर संपलं की पळतात, पार्किंगमध्ये लेकराला सीटला बांधतात आणि निघून जातात, कुणाशी ओळख होतच नाही, मग फीचा फॉर्म अडला तरी विचारणार कुणाला. आम्ही कॅम्पसवरच्या आमच्या सेंटरमध्ये दुपारचा एक तास त्यांच्यासाठी ठेवलाय, मुलांना घेऊन या म्हणून. आधी कुणी येईना. आता रंगपेटी आणि खाऊ ठेवतो, येतात.

पैशाचं बाबांना समजून घ्यायचं होतं ना, तर तेही सांगते. माझी फी जीआय बिलातून जाते. हा कायदा मुळात १९४४ चा, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिकता यावं म्हणून, आणि १९४७ मध्ये तर इथल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. (कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र त्याचा फायदा फार कमी मिळू दिला, तेही सांगितलं पाहिजे.) आत्ताचा जो आहे तो २००९ पासून लागू झाला, ३६ महिन्यांचं शिक्षण, आणि नोकरीत असतानाच सैनिकाला ते बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करता येतं. अमेयची सहा वर्षं पूर्ण झाली होती, अजून चार वर्षं राहीन असं त्यानं लिहून दिलं आणि काही महिने माझ्या नावावर केले. तो नोकरीत आहे म्हणून मला घरभाडं भत्ता मिळत नाही, फी आणि पुस्तकांचे मिळतात. ज्यांना भत्ता मिळतो त्यांना दर महिन्याला फोनवर मेसेज येतो की तुम्ही अजून शिकताय का, त्याला हो म्हणून उत्तर द्यावं लागतं, सलग दोन महिने राहिलं की पैसे थांबतात. आमच्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण याच एका मेसेजपायी भाडं थकवून बसलेले असतात! आणि बिचारे कुणाला सांगत नाहीत, फौजेत मागायची सवयच नसते, बाबा तुम्हाला माहितीय.

एक मुलगा सांगते. नाव नको. गार्डमध्ये आहे, दुसऱ्या वर्षाला, सप्टेंबरमध्ये त्याच्या हातात ऑर्डर आली, युनिटबरोबर परदेशी जायचं, सेमिस्टर अर्धवट. एका प्राध्यापकांनी त्याला सांगितलं की परीक्षेला नसलास तर शून्य, माझ्या नियमांत तसंच लिहिलंय. तो माझ्यासमोर बसला होता, ऑर्डरचा कागद चार घड्या घालून खिशात, काढला तेव्हा घड्यांवर फाटत आलेला. म्हणाला, जाऊ दे, नापास होईन, परत आल्यावर बघू. मी म्हटलं थांब. टेक्सासच्या कायद्यातच आहे की सक्रिय सेवेसाठी बोलावल्यामुळे कॉलेज सोडावं लागलं तर विद्यार्थ्याला निवडायचा हक्क आहे, एकतर फी परत, नाहीतर निकाल अपूर्ण ठेवून नंतर पुरा करायचा, आणि बराच कोर्स झाला असेल तर प्राध्यापक तिथपर्यंतच्या कामावर ग्रेड देऊ शकतात. आम्ही दोघांनी बसून ईमेल लिहिला, नीट, कुणाला न दुखावता, कायद्याचं कलम टाकून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, प्राध्यापकांना हे माहीतच नव्हतं, त्यांनी माफी मागितली. दोन विषय त्यानं अपूर्ण ठेवले, एकात ग्रेड घेतली, आणि गेला.

मला वाटतं फेलोशिपचा खरा उपयोग इथंच आहे. ऑफिसातले लोक चांगले आहेत पण पाच वाजता जातात, आणि हा मुलगा ऑफिसात गेलाच नसता, तो माझ्याकडे आला कारण मी त्याच्या वर्गात बसते. इथं 'थँक यू फॉर युवर सर्व्हिस' सगळे म्हणतात, दुकानात, विमानात. बरं वाटतं ऐकायला. पण फॉर्म भरायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका म्हणून संघटना आहे, २००८ मध्ये वेगवेगळ्या कॉलेजांतल्या अशा विद्यार्थ्यांच्या गटांनीच एकत्र येऊन काढलेली, ते लोक निवडक विद्यार्थ्यांना वॉशिंग्टनला नेऊन खासदारांसमोर आपले प्रश्न मांडायलाही शिकवतात. आणि पॅट टिलमनच्या नावाची मोठी स्कॉलरशिप आहे, त्यात सैनिकांच्या जोडीदारांनाही अर्ज करता येतो. टिलमन व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, २००२ मध्ये सगळं सोडून आर्मीत गेला आणि २००४ मध्ये अफगाणिस्तानात आपल्याच लोकांच्या गोळीनं गेला, ते घरच्यांना आधी खरं सांगितलंही नव्हतं. त्याच्या माणसांनी तेवढं सोसून दुसऱ्यांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. पुढच्या वर्षी मी तिथं अर्ज करणार आहे, बघू.

बाबा, तुम्ही नायब सुभेदार म्हणून रिटायर झालात तेव्हा कुणी तुमच्या शेजारी असं बसलं असतं तर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याशिवाय आणखी चार वाटा दिसल्या असत्या असं मला फार वाटतं. फौजेनं दिलेलं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट ट्रंकेत तसंच राहिलं. तुमच्या नोकरीला कमी लेखत नाही, त्याच पगारावर मी शिकले.

म्हणून आता एक काम लगेच करा. धाकट्या काकांच्या पिंकीला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालीय ना, काका माजी सैनिक आहेत, तर तिला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळू शकते, बारावीला ६० टक्के लागतात, तिला आहेत. मुलींना महिन्याला ३,००० रुपये. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर अर्ज असतो पण तो पहिल्या वर्षालाच करता येतो, नंतर नाही, म्हणून घाई करा. काकांना घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, डिस्चार्ज बुक आणि ओळखपत्र न्या, आणि फॉर्म भरताना तुम्ही स्वतः शेजारी बसा, काका कंटाळून उठून येतात.

आई, तुझ्याकडून एक हवंय. आमच्या दुपारच्या तासाला ज्या मुली येतात त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलव. मी भाषांतर करीन. तू फक्त सांग की बाबा नसताना आजारपण आलं तर काय करायचीस, पैसे कसे पुरवायचीस, आणि आम्हाला बाबा कधी येणार विचारलं की काय उत्तर द्यायचीस. शेवटचं तर मलाही ऐकायचंय. साडी नेसायला हवी असं काही नाही, गाऊनवर बसलीस तरी चालेल.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. अमेय ठीक आहे, तिकडं थंडी सुरू झालीय, तू दिलेला स्वेटर घेऊन गेलाय. रविवारी सकाळी आठला तुमच्या वेळेनं फोन करते, तेव्हा पिंकीच्या फॉर्मचं काय झालं ते विचारणार आहे.

तुमची,
ताई