विमानतळावर टाकी नको, आधी ॲप्रनखाली पाइप टाका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे नियोजन आहे. अशा वेळी ‘हरित विमानतळ’ म्हटले की आपल्या ऊसपट्ट्यात बोलणे इथेनॉलपासूनच्या विमान इंधनाकडे आणि त्यासाठी विमानतळावर वेगळी टाकी बांधण्याकडे वळते. ते स्वाभाविक आहे, पण विमानतळाचा पैसा तिथे घालू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

इथेनॉलपासून विमान इंधन करता येते. आधी त्याचे इथिलीन करायचे, मग रेणू जोडून लांब साखळ्या आणि शेवटी हायड्रोजन देऊन ऊर्ध्वपातन. लिटरभर इंधनाला दीड लिटरहून जास्त इथेनॉल जाते. ही पद्धत २०१८ पासून प्रमाणित आहे आणि मिश्रणाची मर्यादा ५० टक्के. पण मिश्रण आणि तपासणी डेपोतच होते. प्रमाणपत्र मिळाले की ते साधे एटीएफ, म्हणजे नेहमीचे विमान इंधनच ठरते. तोच टँकर, तीच नळी. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला असे मिश्र इंधन घेऊन विमान गेले, तेही नेहमीचेच विमान होते. उलट कमी उठावाच्या वेगळ्या टाकीत इंधन पडून राहते, तळाला पाणी साचते, बुरशी धरते आणि फिल्टर तुंबतात.

पैसा लागतो तो उभ्या विमानाला वीज आणि थंड हवा देण्यासाठी. ए-३२० जातीच्या विमानाच्या शेपटातले छोटे इंजिन, म्हणजे एपीयू, तासाला साधारण १०० ते १३० किलो इंधन जाळते. एटीआर या पंख्याच्या लहान विमानाला एपीयूच नसते. जमिनीवरची वीज नसेल तर उजवे इंजिन पंखा रोखून चालू ठेवतात. एटीआरचे इंजिन सुरू करायला २८ व्होल्ट डीसी लागते, तर एम्ब्राएर १७५ ला जमिनीवरची वीज ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची लागते. एकाच प्रकारचे यंत्र घेतले तर निम्मी विमाने त्याला जोडताच येणार नाहीत. आणि नुसती वीज दिली, थंड हवा दिली नाही, तर एप्रिल-मेमध्ये केबिन तापते आणि वैमानिक एपीयू चालू करतोच. यंत्र मग नावापुरते उरते.

वीज आणि थंड हवा धरून एका स्टँडचा, म्हणजे एक विमान उभे राहण्याच्या जागेचा भार २०० केव्हीएच्या घरात जातो. दिवसाला मोजकीच उड्डाणे असताना एवढी करार मागणी (वीज कंपनीकडे राखून ठेवलेला भार) घेतली, तर वापर असो-नसो, मागणी आकार दर महिन्याला भरावा लागेल. म्हणून आज कोल्हापूरला बॅटरीवरची फिरती यंत्रेच योग्य. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळेत ती ३०-४० किलोवॅटवर चार्ज होतात. ती भाड्याने घ्यावीत आणि विमान कंपनीकडून मिनिटाप्रमाणे आकार घ्यावा. हा दर एपीयूच्या इंधनखर्चापेक्षा कमी हवा, नाहीतर कोणी जोडणार नाही.

कायमच्या जोडणीच्या केबलसाठी पाइप मात्र आत्ताच टाकावेत. ॲप्रनचे, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेचे काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक स्टँडला किमान सहा एचडीपीई (टणक प्लास्टिकचे) पाइप, आत केबल ओढायला नायलॉनची दोरी, दोन्ही तोंडे बंद, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गाळ भरतो. चेंबरला निचरा हवाच. हेच काम नंतर काढले तर काँक्रीट कापावे लागते आणि तेवढे दिवस स्टँड बंद राहतो.

आता निधी. वर्षाला ३५ लाख प्रवाशांच्या खालच्या विमानतळाचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवत नाही. शिवाय केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतील फेऱ्यांना लँडिंग शुल्क माफ असते. म्हणजे फायदा विमान कंपनीला आणि खर्च विमानतळाला, अशी आजची गाठ आहे. २०२१ च्या कायदादुरुस्तीने विमानतळांचा गट करून त्याचे दर एकत्र ठरवण्याची सोय झाली. कोल्हापूर पुण्याच्या गटात घेण्याचा प्रस्ताव विमानतळ प्राधिकरणाने मांडावा. पुण्याच्या प्रवाशावर थोडा भार येईल हे खरे, पण तो मोठ्या संख्येत विभागला जाईल. पाइपांचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा खर्च मात्र त्यासाठी थांबवू नये. तो ॲप्रनच्या अंदाजपत्रकातच स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा आणि लोकप्रतिनिधींनी निविदा निघण्याआधी ती बाब तपासावी.

– विमानतळ विद्युत कामांतील काही अभियंते, कोल्हापूर