निरीक्षक कोणत्या तारखांना हजर होता?

महोदय,

परदेशातील राजकीय खटल्यांच्या बातम्या आपल्याकडे बहुधा निकालाच्या दिवशी येतात. ‘आंतरराष्ट्रीय निरीक्षक उपस्थित होते’ असा उल्लेख असतो. पण कोणत्या तारखांना, हे क्वचितच छापले जाते. आरोपपत्र कधी मिळाले, वकिलाला तयारीला किती दिवस मिळाले, बचावाचे किती साक्षीदार नाकारले गेले, हे सारे निकालाच्या कितीतरी आधी घडून गेलेले असते. फक्त निकाल ऐकायला आलेल्या निरीक्षकाला त्यातले काहीच दिसत नाही.

आरोपी दोषी की निर्दोष, हे सांगणे निरीक्षकाचे काम नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 14, म्हणजे निष्पक्ष सुनावणीचा हक्क, पाळले जाते का, एवढेच त्याने पाहायचे. त्यासाठी त्या देशाची फौजदारी प्रक्रिया आधी वाचलेली हवी आणि दुभाषा स्वतःचा हवा. बचाव पक्षाने पुरवलेला दुभाषा घेतला की अहवालावर पहिला आक्षेप तिथेच येतो. न्यायालयात आरोपीचे नातेवाईक किंवा वकील यांच्या शेजारी बसू नये, हेही त्याचसाठी. टिपणे घड्याळ लावून घ्यावीत: सरकारी वकील किती मिनिटे बोलले, बचावाला कितव्या मिनिटाला थांबवले, न्यायाधीशांनी कारण काय दिले. खटला चालू असताना वृत्तवाहिन्यांशी बोलणे टाळावे, नाहीतर पुढच्या तारखेला प्रवेश मिळेलच असे नाही.

दारच बंद असले तर? मार्च 2021 मध्ये मायकेल कोव्हरिग या कॅनडाच्या नागरिकाच्या खटल्यावेळी 26 देशांचे राजनैतिक अधिकारी बीजिंगच्या न्यायालयाबाहेर जमले होते. कुणालाच आत सोडले नाही. चीनने या करारावर 1998 मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. शिवाय राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून सुनावणी बंद ठेवण्याची मुभा कलम 14 मध्येही आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मात्र काही मोजके अपवाद वगळता निकाल जाहीर करावाच लागतो. म्हणून अशा वेळी निरीक्षकाने परत फिरू नये. कोणी अडवले, किती वाजता, कारण तोंडी सांगितले की लेखी आदेश दाखवला, हे तिथेच उभे राहून लिहावे. अहवालाचे ते सर्वांत ठोस पान ठरू शकते.

आपल्या वृत्तपत्राने यापुढे अशा बातमीत निरीक्षक कोणत्या तारखांना हजर होता आणि त्याला कोणी पाठवले होते, या दोन गोष्टी जरूर द्याव्यात, ही विनंती.

— एक विधी अभ्यासक