आगरातल्या वाटेवरचे दिवे

आंजर्ले,
दि. ९ नोव्हेंबर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा नकाशा परवा पोहोचला. गुहागरच्या घराची डागडुजी संपत आली हे वाचून बरे वाटले. बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या फाटकापासून, पडवीपर्यंतच्या ४२ मीटर वाटेवर तू अठरा दिवे आखले आहेस: कमरेएवढ्या खांबांचे दहा, माडांच्या बुंध्यांवर खालून वर प्रकाश टाकणारे सहा, आणि दोन टोकांना दोन पांढरे फोकस. यांपैकी कोणत्या बनावटीचे घ्यावेत, एवढेच तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे की, या अठरांपैकी एकही घेऊ नयेस. वाटेला आठ दिवे पुरतील आणि तेही गुडघ्याच्या खाली. रागावण्यापूर्वी पुढचे वाच.

माडांवरचे सहा तर मी वाचताक्षणीच खोडले. ते घर आहे, रिसॉर्ट नव्हे. शिवाय माडाच्या मुळाशी बसवलेल्या दिव्यावर नारळ किंवा झावळी आज ना उद्या पडणारच. फोकसांचे आणि खांबांचे कारण मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

आपल्याकडे रात्रीच्या वाटेवर दिवा हवा तो लांबड्यांच्या, म्हणजे सापांच्या, भीतीने, हे तुला सांगायला नको. त्यातही फुरसे. जेमतेम हातभर लांब, जांभ्याच्या मातीत मिसळून जाणाऱ्या रंगाचे, आणि बसायला त्याला नेमकी दगडांची सापट आवडते. डोक्यावरून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात अशा जनावराची सावली त्याच्याच अंगाखाली पडते आणि ते सपाट दिसते. आणि फोकसाकडे तोंड करून चालणाऱ्याचे डोळे तर असे दिपतात की पुढची दहा पावले नुसता काळोख. याउलट दिवा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि बाजूला असला, की प्रकाश भुई घासत जातो आणि पडलेल्या सुपारीचीसुद्धा लांब सावली पडते. गेल्या भाद्रपदात आमच्या तिसऱ्या पायरीवर मला आधी सावलीच दिसली, वेटोळ्याच्या आकाराची. फुरसे त्यानंतर दिसले. पायऱ्यांनाही हेच लागू आहे. समोरून उजेड आला तर तुझ्या नऊच्या नऊ पायऱ्या एकसारख्या दिसतात. बाजूने आला तर प्रत्येक पायरीची कड वेगळी उठून दिसते. काकूंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल तू लिहिले आहेसच. वयस्क डोळ्यांना कमी उजेडापेक्षा झगझगीत उजेडाचा त्रास अधिक होतो.

प्रकाशाचा रंग पिवळसरच घे. खोक्यावर २७०० केल्विन असा आकडा असेल तो. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा दुकानात फार स्वच्छ वाटतो, पण त्यातील निळ्या अंशाकडे किडे अधिक ओढले जातात. किड्यांमागून बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्यामागून कोण येते ते वर लिहिलेच आहे. म्हणजे ज्याच्या भीतीने दिवा लावायचा, त्यालाच आमंत्रण.

आता दिवा कशाचा बनलेला असावा याविषयी, कारण या बाबतीत माझे हात चांगलेच पोळले आहेत. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून मी जमिनीत खोचायच्या सौरदिव्यांचा बारा नगांचा संच आणला होता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांनी अशी काही शोभा दिली की, शेजारची मंडळी किंमत विचारून गेली. पावसाची आगोटी आली आणि सगळे उलगडले. पोफळीच्या गर्द सावलीत तबकड्यांना मुळात ऊन तोकडे, त्यावर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर, आणि जून-जुलैत तर आठवडा आठवडा सूर्यदर्शन नाही. गणपतीला चाकरमानी घरी आले तेव्हा बारांपैकी चार दिवे लागत होते आणि तेही रात्री नऊपर्यंत. ज्या आठवड्यात वाटेवर सर्वांत जास्त पावले पडतात, त्याच आठवड्यात ही गत. त्यांतला एक उघडून पाहिला तर आतल्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखी क्षारांची साय धरली होती आणि बॅटरीची स्प्रिंग बोटाने दाबताच तुटली.

समुद्रापासून तुझे घर दोनशे पावलांवर, म्हणून धातू पारखूनच घे. रंग दिलेले लोखंड दुसऱ्या पावसात फुगते. साधे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील येथे चहा सांडल्यासारखे डागाळते; ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते बरेच टिकते, पण महाग पडते. ॲल्युमिनियमच्या दिव्याला स्टीलचे स्क्रू असतील तर तो घेऊच नकोस: दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते आणि स्क्रू असा धरून बसतो की काढता काढता दिव्याचा कानच मोडतो. पितळ काळवंडते, पण टिकते. आणि काळवंडलेले पितळ मला तरी जुन्या समईसारखे चांगले दिसते.

तरी माझी खरी शिफारस आहे ती दिवळीची, म्हणजे दिव्याच्या कोनाड्याची. वाटेच्या डाव्या अंगाला तुझा गडगा, म्हणजे चिऱ्यांचे कुंपण, आहेच. त्यातले आठ चिरे काढून त्यांच्या जागी कोनाडा कोरलेले नवे चिरे बसवून घे: पाच सरळ वाटेवर आणि वळणावर, तीन पायऱ्यांना, म्हणजे दर तीन पायऱ्यांस एक. जांभा खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून पुढे कठीण होतो, म्हणून कोरायचे काम चिरा ओला असतानाच झाले पाहिजे. गवंड्याला तसे आधीच सांगून ठेव. कोनाड्याचा माथा दोन बोटे पुढे काढायचा, म्हणजे पावसाची झड थेट दिव्यावर येत नाही आणि चालणाऱ्याला दिवा न दिसता नुसता उजेड दिसतो. आत पितळी बैठकीचा तीन वॅटचा एलईडी पुरेसा आहे. त्यावर आयपी ६७ असे लिहिलेले पाहून घे. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जात नाही आणि सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आयपी ६५ पाण्याच्या फवाऱ्यापुरता ठीक असतो, पण आपल्याकडे वाटेवरून पाणी लोंढ्याने वाहते.

वायरिंगच्या बाबतीत काटकसर करू नकोस. वाटेवर घरची २३० व्होल्टची वीज नेऊच नये. पडवीत कोरड्या जागी ट्रान्सफॉर्मर ठेवून तेथून २४ व्होल्ट न्यावेत. वायरमन १२ व्होल्ट म्हणेल, तेव्हा त्याला हा हिशेब दाखव. आठ दिवे म्हणजे २४ वॅट. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन ८४ मीटर, तिचा रोध साधारण एक ओहम. १२ व्होल्टवर दोन अँपिअर वाहतात आणि सगळा भार टोकाला धरला तर दोन व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे सहावा हिस्सा. २४ व्होल्टवर एकच अँपिअर आणि एकच व्होल्ट, म्हणजे चोविसावा. शेवटच्या पायरीवरचा दिवा मिणमिणतो तो याच कारणाने, आणि लोक उगाच दिव्याला नावे ठेवतात. तार पाइपातून गडग्याच्या कडेने ने. घुशींना उघडी वायर फार गोड लागते. जोड जमिनीखाली ठेवू नकोस, सगळे दिवळीतच आण. ट्रान्सफॉर्मरच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, यावर चर्चा नको.

सौरदिवे मी सर्वस्वी टाकाऊ ठरवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यावर आपल्या भागात किती दिवस वीज नव्हती, हे तुला आठवत असेल. विहिरीवर जाताना आम्ही पुन्हा चूड पेटवायला लागलो होतो. तुझ्या विहिरीवर आकाश उघडे आहे, तेथे एक चांगला सौरदिवा असू दे. हालचाल ओळखून लागणारे दिवे मात्र नकोत. शेजारचे कुत्रे आणि वाऱ्याने हलणाऱ्या झावळ्या त्यांना रात्रभर स्वस्थ बसू देत नाहीत.

मागील दारापासून समुद्राकडे जाणारी वाट तू नकाशात तुटक रेघेने दाखवून प्रश्नचिन्ह केले आहेस. तेथे काहीही लावू नकोस. गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पुढे दीडेक महिन्याने, कधी त्याहून थोड्या उशिराने, पिल्ले रात्री बाहेर येतात. उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावायचे एवढेच त्यांना ठाऊक असते, आणि काळोखात ते क्षितिज समुद्राचे असते. तुझ्या आगरातून दिवा दिसला तर ती उलटी, माडांकडे चालू लागतील. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचीही तीच अडचण. त्यांचे लुकलुकणे जोडीदारासाठी असते आणि आपल्या उजेडात ते हरवते. म्हणून पुढच्या वाटेलाही दोन बटणे कर: पायऱ्यांचे तीन दिवे रात्रभर, बाकीचे पाच दहा वाजता बंद.

एक काम ऑर्डर देण्यापूर्वी कर. येत्या अमावास्येला घरचे सगळे दिवे मालवून, हातात नुसती छोटी बॅटरी घेऊन बेड्यापासून पडवीपर्यंत सावकाश चाल. मागून वहिनींना चुन्याची वाटी घेऊन येऊ दे. जेथे तुझे पाऊल अडखळेल तेथे गडग्यावर त्यांनी चुन्याचे बोट ओढावे. नंतर काकूंनाही हात धरून एकदा चालव, कारण त्यांचे पाऊल वेगळ्या जागी अडखळेल. दिवळ्या त्या खुणांवर येऊ देत, माझ्या हिशेबावर नव्हे. खुणा आठांहून जास्त निघाल्या तर मला आधी कळव. गवंडी आमच्याकडचा पाठवीन, पण त्याला चिऱ्यांची संख्या पौष लागण्यापूर्वी हवी असते.

काकूंना नमस्कार, वहिनींना स. न.

तुझा,
अण्णा