गुडघ्यातली ‘गॅप’ सुयांनी भरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ॲक्युपंक्चरने गुडघ्यातली गॅप भरून काढा’ अशा जाहिराती आणि सोबत आधी-नंतरचे एक्स-रे हल्ली सर्रास दिसतात. ‘गॅप’ म्हणजे गुडघ्याच्या झिजेत (ऑस्टिओआर्थ्रायटिस) विरळ झालेली कूर्चा, हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. ते एक्स-रे जरा निरखून पाहावेत. उभ्याने, वजन देऊन काढलेल्या फिल्ममध्ये झिजलेल्या बाजूची दोन हाडांमधली फट बुजलेली दिसते. तोच गुडघा आडवे झोपवून काढला, की ती मोकळी वाटते. गुडघा किती वाकवला यानेही फरक पडतो. झिजलेली कूर्चा सुईने परत आल्याचा पुरावा नाही.

म्हणून सुया कुचकामी, असे मात्र नव्हे. गुडघा दुखला, सुजला की मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण ताकदीने आवळला जात नाही. मग पाय ताठ टाकला जातो, पाऊल आखूड पडते, धड दुखऱ्या बाजूला झुकते. सुयांनी वेदना उतरली की पाऊल लांबते, वेग वाढतो. पण पाय धनुकलीसारखे बाकदार असतील, तर सांध्याच्या आतल्या बाजूवरचा भार जागच्या जागीच राहतो. भरभर चालल्याने तो वाढूही शकतो. चाल सुधारली म्हणजे सांधा सुधारला, हे गणित इथेच चुकते.

वेदनेबाबतही दावे बेतानेच करावेत. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे हजार रुग्णांच्या जर्मन चाचणीत खऱ्या बिंदूंवरच्या सुया आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, दोन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या. आपसांत मात्र फरक निघाला नाही. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेत ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, तर अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये त्याची सशर्त शिफारस केली होती.

आमच्या मते सुयांनी मिळालेला आराम व्यायामासाठी खर्ची घालावा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळावी, 5 ते 10 सेकंद धरावी, सोडावी. जमू लागले की खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमकी उलट धरतात. वजन 1 किलोने उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने घटतो, हे कुठल्याही सुईला जमणार नाही. प्रगती मोजायची तर हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा उभे राहता येते, ते उपचाराआधी आणि सहा-आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर मोजावे.

सुई एकदाच वापरायची, निर्जंतुकच हवी. वाटीखालच्या दोन खळग्यांत ती खोल गेली तर थेट सांध्यात शिरते आणि जंतुसंसर्ग झाला तर सांधा नासतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह किंवा शस्त्रक्रियेने बसवलेला कृत्रिम सांधा असेल तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगावे. पेसमेकर असलेल्यांनी सुयांना वीजप्रवाह जोडू देऊ नये. टोचल्यानंतर गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

– दोन फिजिओथेरपिस्ट, पुणे