वाळूची टेकडी आधी, गोल्फचं होल नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोरांच्या गेमिंगवर टीका करणारं जे आलंय ते वाचलं. गोळीबाराच्या गेमबद्दल जे लिहिलंय ते मान्यच आहे, पण सगळे गेम एकाच दावणीला बांधलेत ते काय पटलं नाही, म्हणून हे पत्र. गेम खेळणं वेगळं आणि गेममधलं मैदान स्वतः तयार करणं वेगळं. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने करतात तिथं आहे आणि रात्री जेवणं झाली की कॉम्प्युटरवर गोल्फच्या गेमसाठी कोर्स बनवत बसतो, तेही समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरचे, ज्यांना लिंक्स म्हणतात. बेळगावात राहून समुद्र कशाला असं घरचे पण विचारतात, पण चोर्ला नाहीतर आंबोली उतरलं की समुद्र काय लांब नाही की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०१४ ला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजनं 'द गोल्फ क्लब' हा गेम काढला, त्यात कोर्स डिझाइनर होता, म्हणजे जमीन उचला, दाबा, गवत लावा, झाडं लावा आणि आपण केलेल्या कोर्सवर जगातला कोणीही येऊन खेळणार. पुढं 'पीजीए टूर टू-के' मालिकेतही तेच आलं. पडद्यावर गोल्फ खेळायचे सिम्युलेटरवाले तर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा कोर्स बांधतात. आणि समुद्रकाठचा कोर्स करायला सगळ्यांनाच आवडतं, कारण गोल्फ वाढला तोच तिथं. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल घालायच्या खड्ड्यापर्यंतचा एकेक पट्टा; स्कॉटलंडात सेंट अँड्रूजला १७६४ साली बावीसाची अठरा होल झाली, गोल्फची पहिली ओपन स्पर्धा १८६० ला प्रेस्टविकला झाली, तिथं तेव्हा बाराच होल होती, तीच तीनदा फिरून एका दिवसात छत्तीस खेळले.

पण होतंय काय, बहुतेक जण आधी होल आखतात, टी (पहिला फटका मारायची जागा) इथं, ग्रीन (खड्ड्याभोवतीचं बारीक गवत) तिथं, आणि मग रिकाम्या जागेत ब्रशनं टेकड्या उठवतात. त्या दिसतात पालथ्या घातलेल्या वाट्यांसारख्या, चारी बाजूंनी सारखा उतार. वाळू अशी बसतच नाही हो. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला चढ हळू असतो, दहा-पंधरा अंशांचा, आणि माथ्यावरनं पलीकडं पडलेली वाळू तीस ते चौतीस अंशांवर थांबते, त्याच्यापेक्षा उभी मोकळी कोरडी वाळू राहूच शकत नाही. हे मला पुस्तकात बघायला लागलं नाही, आमच्याकडं कोरडी सिलिका वाळू ओतली की ढीग कसा पसरतो ते रोज दिसतंय. तीच वाळू बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि पाणी घालून मळली की साच्याची भिंत सरळ उभी राहते. लिंक्सवर हे बेंटोनाइटचं काम गवताच्या मुळ्या करतात. तिथं बंकरच्या, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांच्या भिंती इतक्या उभ्या असतात त्या कशामुळं, तर मुळांसकट कापलेल्या गवताच्या चकत्या एकावर एक रचून त्या बांधलेल्या असतात. म्हणून गेममध्ये नुसत्या वाळूला उभी कड दिली की जाणत्याला ते लगेच खटकतं, आणि गवताचे थर दाखवून तीच कड दिली की बरोबर वाटतं.

गवताचं पण तसंच. युरोपात पुढच्या टेकडीवर मॅरम नावाचं गवत असतं, त्याच्यावर वाळू पडत राहिली तरच ते जोमात वाढतं, वाळू यायची थांबली की विरळ होत जातं. म्हणजे समुद्राकडच्या रांगेवर दाट उंच झुबके पाहिजेत आणि जसजसं आत जाऊ तसं ते कमी होऊन बारीक फेस्क्यू गवत पाहिजे. लोक काय करतात, ब्रश घेतात आणि सगळीकडं एकसारखे झुबके टाकतात, मग ते जंगलही दिसत नाही आणि किनाराही दिसत नाही. वर गेममध्ये किती वस्तू ठेवायच्या त्याला मर्यादा असते, ती फुकट संपते. मला विचाराल तर झाडं-झुडपं शेवटी ठेवावीत आणि बरीचशी ठेवूच नयेत.

टेकड्यांच्या दोन रांगांच्या मधे जो खोलगट पट्टा राहतो तिथं पाण्याची पातळी जवळ असते, ओल असते, वारा कमी लागतो, तिथं गवत आपोआप बारीक आणि दाट येतं, ससे आणि मेंढ्या चरून ते आखूड ठेवायचे. पहिले फेअरवे, म्हणजे होलमधले आखूड गवताचे पट्टे, तेच. मेंढ्या जिथं वाऱ्याच्या आडोशाला बसून जमीन उघडी करायच्या तिथं वारा शिरून खड्डा मोठा करायचा, बरेचसे जुने बंकर असेच तयार झाले असं मानतात. हे एकदा डोक्यात बसलं की कोर्स करायची पद्धतच उलटी होते, आधी वाऱ्याची दिशा ठरवायची, मग त्या वाऱ्यानं टेकड्या कशा रचल्या असतील त्या रचायच्या, मग त्यात फिरून होल कुठं सापडतंय ते बघायचं. आणि जमीन कडक ठेवायची, बॉल टप्पा खाऊन पळाला पाहिजे, नाहीतर दिसायला लिंक्स आणि खेळायला बागेतला कोर्स असं होतं. खऱ्या जमिनीवर पण हे चालतं बरं का, स्कॉटलंडात मॅक्रिहॅनिश ड्यून्स हा कोर्स २००९ ला झाला, जागा संरक्षित होती म्हणून जवळजवळ टी आणि ग्रीनपुरतीच जमीन घडवली, बाकी जशी होती तशीच ठेवली.

आता आपल्याकडचं. मला वेंगुर्ला-शिरोड्याच्या बाजूच्या आणि गोव्यात मोरजी-मांद्रेच्या टेकड्यांवरनं कोर्स करायचा आहे, चालू पण केलाय. ब्रिटनमध्ये लायडारचा, म्हणजे लेसरनं जमीन मोजलेला डेटा बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो, जमिनीचा चढउतार मीटर-मीटरला. आपल्याकडं सहज मिळतो तो २००० साली अमेरिकेच्या स्पेस शटलनं मोजलेला नाहीतर इस्रोच्या भुवन साइटवरचा, दोन्ही तीस मीटरच्या चौकटीचे. आपली टेकडी दोन-चार मीटर उंच आणि पंधरा-वीस मीटर रुंद, ती त्या चौकटीत गायबच होते. म्हणून मी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घेऊन जातो, भरतीच्या रेषेपासून आत सरळ दोरी धरायची, पावला-पावलाला उंची लिहायची. बरोबर भाचा असतो, नळीचं दुसरं टोक त्याच्याकडं. पुढं मर्यादवेल जमिनीवर पसरलेली आणि रावणाच्या मिशा, पायाला टोचतात त्या, त्यांच्या प्रत्येक जाळीच्या मागं वाऱ्याच्या आडोशाला वाळूची छोटी शेपटी साठलेली असते, वितभर लांब. त्या शेपटीची दिशा बघितली की वारा कुठनं येतोय ते कळतं. मागं केवडा, त्याच्या मागं लावलेली सुरूची झाडं. ही झाडं कुठल्याच गेमच्या तयार यादीत मला मिळाली नाहीत, केवडा तर मॉडेल करूनच घालायला लागतोय.

खरंच गोल्फ कोर्स तिथं व्हावा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट होऊ नये असंच मला मनापासून वाटतं. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक वर्गात, पहिल्या 'अ' मध्ये घातल्यात ते योग्यच आहे. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनजवळ फोव्हरनला सरकत्या टेकड्यांवर २०१२ ला मोठा कोर्स सुरू झाला, त्यासाठी वाळू जागच्या जागी बांधून टाकली, आणि २०२० मध्ये त्या भागाचा संरक्षित दर्जा काढायचा निर्णय झाला कारण जपण्यासारखं मूळचं फारसं उरलं नव्हतं. सरकती टेकडी एकदा थांबवली की ती संपलीच. कॉम्प्युटरवर मात्र मोरजीच्या टेकडीवर ग्रीन ठेवली तरी तिथं येणाऱ्या कासवाला काय त्रास नाही.

तेव्हा साहेब, विनंती एवढीच की पुरवणीत अर्धं पान या कामाला द्या. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी पोरं सिव्हिल नाहीतर आर्किटेक्चर शिकतात, त्यांच्याकडं लेव्हल आणि टोटल स्टेशन ही जमीन मोजायची यंत्रं हाताळायची सवय असते, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एक टेकडी मोजून आणली तरी मोठं काम होईल. पावसात किनाऱ्याची वाळू आत समुद्रात जाते आणि नंतर हळूहळू परत येते, त्यामुळं जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा अशी दोनदा मोजली तर फारच उत्तम. वेलीवर पाय न देता, दोरीच्या एकाच रेषेनं जायचं आणि त्याच रेषेनं परत यायचं. मोजमापं तुमच्याकडं पाठवली तर मी ती गेममध्ये बसवून देतो, पैसे नकोत.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव