तपासणीचा राग आला असेल तर

चि. नीरजा,
अनेक आशीर्वाद.

अनुभवी लोकांचं कौशल्य पुन्हा पुन्हा कशाला तपासायचं, म्हणून फोनवर तू भलतीच तापली होतीस. इतकी वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढल्यावर कोणी समोर उभं राहून "सरावाच्या पुतळ्याची छाती दाबून दाखवा" म्हणालं, की राग येणारच. पण नोकरीची शेवटची वर्षं मी तपासणाऱ्यांच्या बाजूला होते, तेव्हा तिकडचंही थोडं ऐक.

"रोज तेच तर करते," म्हणालीस. रोज तू छातीत दुखणं, पडणं, धाप, साखर उतरणं हे बघतेस. त्यात तुला कोण तपासणार? पण लहान मुलाचं हृदय बंद पडणं, बाळंतपणात बाळाचा खांदा अडकणं, हे वाट्याला येतं वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी, आणि त्या वेळी हात तयार लागतात. छातीदाबाचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबत राहण्याचं, कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागतं, आणि प्रशिक्षण झाल्याचं कार्ड मात्र बहुतेक ठिकाणी २ वर्षं चालतं. मधल्या काळात कार्ड खरं की हात, ते बघायलाच नको का?

मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. चूक तिथे होत नाही. मिनिटभर झालं की दमायला होतं, आणि माणूस दोन दाबांच्या मध्येही नकळत छातीवर रेलून राहतो. छाती पुरती वर येत नाही, हृदय नीट भरत नाही. करणाऱ्याला हे अजिबात कळत नाही, पुतळ्याला जोडलेल्या स्क्रीनवर मात्र लगेच दिसतं. (जुनी मंडळी आधी स्क्रीनलाच खोटं ठरवतात. तू त्यांच्यातली होऊ नकोस.)

औषधांचंही तेच. १४ किलोचं मूल, हृदय बंद. किलोला १० मायक्रोग्रॅम ॲड्रेनॅलिन, म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम. १० मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या सिरिंजमधून १.४ मिली. तेच १.४ मिली, १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्युलच्या द्रावणातून ओढलं तर डोस दसपट. दोन्ही एकाच बॅगेत असतात. घरी खुर्चीत बसून हे गणित कोणालाही येतं. शेजारी आई किंचाळत असताना येतं का, ते बघायचं असतं.

शिवाय शास्त्र हलत राहतं. हृदयाची रेषा सपाट झाली की ॲट्रोपिन हे औषध द्यायचं, हे २०१० मध्ये मार्गदर्शक सूचनांतून गेलं. हार्ट अटॅकच्या रुग्णाला ऑक्सिजनची पातळी चांगली असतानाही मास्क लावायचा, हेही मागे पडलं. अनुभवी माणूस जुनं काम फार सफाईदारपणे करतो, आणि ते पकडायला बाहेरचा डोळा लागतो.

आता तुझ्या बाजूने. हजेरीच्या सहीला आणि दरवर्षी फिरणाऱ्या त्याच प्रश्नपत्रिकेला तपासणी म्हणू नये, हे मला शंभर टक्के मान्य. वैद्यकीय शिक्षणातले जाणकार जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्य तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि प्रत्यक्ष कामात करणं. लेखी पेपर दुसऱ्या पायरीशी थांबतो, पुतळा तिसरीशी. चौथीसाठी कोणीतरी गाडीत सोबत यायला हवं, नाहीतर खऱ्या कॉलच्या नोंदी उघडायला हव्यात. डिफिब्रिलेटरमध्ये, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रात, दाब किती सेकंद थांबले ते असतं. श्वासनलिकेत नळी घातल्यावर बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट स्क्रीनवर दिसली का, तेही नोंदीत सापडतं. "नळी जाताना मी पाहिली" यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण ती अन्ननलिकेत गेलेली असू शकते. तर मीटिंगमध्ये चौथी पायरी माग. तपासणीच नको असं म्हणशील, तर कोणी ऐकणार नाही.

आणखी एक. जो चुकला त्याला लगेच सराव द्यावा, पुन्हा बघावं. चुकलं की ड्यूटी कापणार असाल, तर लोक लपवायलाच शिकतात. मात्र पुन्हा पुन्हा जमत नसेल, तर ते काम त्याच्या हाती देऊ नये, मग तो कितीही जुना असो. यात मी मऊ पडणार नाही.

तपासणी रात्रपाळी संपल्या-संपल्या लावली असेल, तर दुसरा दिवस माग. आदल्या दिवशी जोडीदाराला समोर बसवून पुतळ्यावर दोन मिनिटं छातीदाब कर आणि तुझे तळवे मध्येच छातीवर रेलतात का, एवढंच त्याला बघायला सांग. मुलांच्या डोसचं कोष्टक तपासणीत वापरू देतात का, तेही विचार. देत नसतील तर बिनधास्त भांड. खऱ्या कॉलला कोष्टक उघडायचंच असतं, मग तिथे पाठांतर कशाला?

तुझी,
आई